खिचडी मांजरीच्या सांभाळाबाबत व दाराच्या कडीबाबत

मी, भागाबाई सटवाजी गडदे, वय अडुसष्ट वर्षे, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार पुसेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, बुद्धी जाग्यावर असताना व कोणाचेही दडपण नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. बुद्धी जाग्यावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या गल्लीतल्या बाकीच्यांनीही तो एकदा काढून घ्यावा. हे वाक्य वकीलसाहेबांनी खोडायला सांगितले होते. मी खोडले नाही, फी मी दिली आहे.

१. मला मूलबाळ नाही. पती सटवाजी वारल्यावर त्यांच्या वाट्याची जमीन मी थोरल्या दिरांचा मुलगा हनुमान याच्या नावे करून दिली. त्या दिवशी सेनगावच्या कचेरीत शिरताना मी त्याच्या पुढे चालत होते. विधवा बाई पुढे असल्याचा अपशकुन त्याला त्या दिवशी झाला नाही. सही नीट झाली, जमीन नीट मिळाली. त्या जमिनीबाबत माझे आता काही म्हणणे नाही.

२. राहते घर, दोन खोल्या व पुढची ओसरी, मी माझ्या मानधनातून आणि शेळ्या विकून बांधले आहे. त्यावर कोणाचा हक्क नाही. "काकूला खांदा मीच देणार," असे हनुमान पारावर बसून सांगतो, त्याचा अर्थ गावाला कळतो आणि मलाही कळतो. हे घर मी माझी भाची रागिणी हिला देते. ती नरसी नामदेवला रस्त्याकडेला नारळ-प्रसादाचे दुकान चालवते. अट एकच. माझी मांजर खिचडी हिला रागिणीने याच घरात, दाराच्या आत, शेवटपर्यंत सांभाळावे.

मांजर दाराच्या आत का, हे लिहिणे भाग आहे. नाहीतर उद्या म्हणतील, म्हातारी भ्रमिष्ट होती.

३. खिचडी अंगणवाडीच्या खिचडीवर वाढली, म्हणून हे नाव. रंगही तसाच आहे. ग्रामपंचायतीला उभे राहण्यासाठी हनुमान अर्ज भरायला निघाला, तोही शेवटच्या दिवशी, पंचांग बघून. मागे मोटारसायकलींची रांग, गळ्यात हार. खिचडी त्याच्या गाडीपुढून रस्ता ओलांडून गेली. रांग थांबली. हनुमान घरी परतला, पाय धुतले, पाणी प्याला, ओट्यावर बसला. मग कोणीतरी आधी पुढे जावे म्हणून एवढे बापे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हणाले, "सरा बाजूला, मी जाते पुढं." तर म्हणतो, "काकू, तुमी तर बिलकुल नका जाऊ!"

ती रांग सेनगावला पोचली तेव्हा अर्ज घ्यायची वेळ संपलेली होती. संध्याकाळी तो माझ्या दारात आला.

"काकू, तुमच्या मांजरीनं माझा घात केला."

"मांजर तर कवाच निघून गेली व्हती," मी म्हणाले. "रस्त्यात थांबून कोण राहिलं?"

उत्तर द्यायचे सोडून त्याने पोते शोधले. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते, हे त्याला पाठ आहे. सोन्याचा भाव बघून त्याने तिचा जीव घेतला नाही. पोत्यात घालून कयाधूच्या पलीकडे सोडून आला. याचे धाडसही घाबरट आणि पापही कंजूष.

नरसीच्या रस्त्यावर रागिणीने तिला गळ्यातल्या लोकरीच्या दोऱ्यावरून ओळखले आणि नारळाच्या टोपलीत घालून एसटीने परत आणले. "मावशी, ही नदीपल्याड काहून फिरून राहिली व्हती?" तिने विचारले. मी सांगितले. मग ती मांजर काखेत घेऊन हनुमानच्या दारावरून एकदा गेली आणि एकदा परत आली. घर तिला का, याचे कारण एवढेच आहे.

४. तेव्हापासून खिचडी घरात आहे. घरात कोंडलेले जनावर रिकामे बसले की एकतर लठ्ठ होते किंवा भांडी पाडते. त्याला खेळवावे लागते आणि खेळवायला पैसे लागत नाहीत. चाळीस लेकरांना मी रिकाम्या डब्यांवर आणि चिंचोक्यांवर वर्षानुवर्षे खेळवले आहे, एक मांजर काय जड आहे? रागिणीने पुढीलप्रमाणे करावे.

मेंढीची लोकर साबणाच्या पाण्यात वळून तिचे चेंडू करावेत. सुटा दोरा मात्र खाली ठेवू नये, ती गिळते. ओसरीच्या आतल्या खांबाला गोणपाट गुंडाळलेले आहे, ते फाटले की बदलावे. नखे तिथे घासते म्हणून माझी गादी वाचली आहे. सुकटीचे तुकडे ताटलीत वाढू नयेत. अंड्यांच्या ट्रेमध्ये, खोक्याखाली, कोनाड्यात लपवावेत. शोधून खाल्लेले तिला गोड लागते. जाळीच्या खिडकीबाहेर मूठभर ज्वारी टाकावी, म्हणजे चिमण्या येतात आणि तिची दुपार जाते. सगळी खेळणी एकदम काढू नयेत. चार बाहेर, बाकी पेटीत, बाजाराच्या दिवशी अदलाबदल. आणि काठीला पीस बांधून खेळवताना शेवटी ते तिला पकडू द्यावे. नुसते दाखवायचे आणि पळवायचे, असे केले की मांजर चिडते. मतदारही चिडतो, पण हनुमानला ते कोण सांगणार.

हनुमानची मुलगी प्रतिक्षा पुण्याला शिकते. तिने ऑनलाईन मागवून सेलवर पळणारा उंदीर पाठवला होता. खिचडीने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि त्याच्या खोक्यात जाऊन बसली. उंदीर प्रतिक्षाला परत द्यावा, खोके खिचडीचे आहे. पोरीचा हेतू चांगला होता. ती या घरात कधीही येऊ शकते.

५. आता कडी. गेल्या वर्षी गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या निवडणुकीत हनुमान उभा राहिला. मतदानाच्या सकाळी मी उठले तर दार उघडेना. बाहेरून कडी लावलेली होती. मी हाका मारल्या, तर त्याचाच आवाज आला, "काकू, तकलीफ घेऊ नका. दोपारपर्यंत तुमी बी आतच राहा अन् मांजरीला बी राहू द्या."

मी सोसायटीची सभासद आहे. माझे मत होते. मी ते त्यालाच देणार होते.

दुपारी कडी काढायची तो विसरला. मी दिवसभर खिचडीला चेंडू टाकत होते, ती आणत होती, आणि मला रडू येत होते. ते वयाने आले नाही, रागाने आले. अंधार पडायच्या आधी शेजारच्या शिलाने कडी काढली. हनुमान एका मताने पडला. आम्ही दोघी कडीच्या आत होतो, कोणीही आडवे गेले नव्हते, तरी पडला. याचा दोष कोणाला द्यायचा हे तो अजून ठरवतो आहे.

ती कडी मी सुताराकडून काढवून घेतली आहे. फडक्यात बांधून कपाटात ठेवली आहे.

६. पोस्टातील ठेव आणि ती कडी यांची वाटणी माझ्या अंत्ययात्रेच्या वेळी व्हावी. पुढे मडके धरून हनुमानच चालेल, दुसरे कोणी नाही. तिरडी गल्लीच्या तोंडाशी आली की रागिणीने खिचडीला पदरात घट्ट धरून त्याच्यापुढून आडवे जावे. हनुमान थांबला, तर कडी त्याला तिथेच द्यावी आणि ठेव खिचडीच्या सुकटीसाठी रागिणीकडे राहावी. तो न थांबता चालत राहिला, तर ठेव त्याची, आणि कडी नदीत टाकावी.

तो थांबेल असे मला वाटते. पण माझ्या अंगणवाडीच्या पहिल्या हजेरीत पहिले नाव त्याचे होते. तेव्हा हे लेकरू सदऱ्यात मांजरीची पिल्ले लपवून आणायचे आणि माझे बोट धरून सगळ्या गल्लीच्या पुढे चालायचे. कशालाच भीत नव्हते. तेवढ्यासाठी ही अट घातली आहे, नाहीतर कडी पोस्टाने पाठवली असती.

हनुमान, चालत राहा. मेलेल्या बाईला आता आणखी कसला अपशकुन होणार आहे?

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी; कलम सहा रागिणीला आधी सांगावे, हनुमानला अंत्ययात्रेनंतर वाचून दाखवावे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करते.

स्थळ : पुसेगाव
दिनांक : १८ फेब्रुवारी २०२५

(सही) भागाबाई सटवाजी गडदे

साक्षीदार :
१. (सही) शिला, शेजारी
२. (सही) प्रभू, निवृत्त पोस्टमन

टीप : सहीसाठी तिघांना बोलावले होते. उंबरठ्याशी खिचडी तिघांनाही आडवी गेली. वरील दोघे आत आले. तिसरे माणिकराव दारातूनच परत गेले, सबब त्यांची सही नाही.