गुळगुळीत खांब

३ मे १९७८
शिवाजी पेठेतून अखेर मामाच्या घरी सून होऊन आले! बाळासो म्हणजे आता आमचे ‘हे’. लहानपणी ज्याच्याशी भांडले त्याला अहो म्हणताना हसूच फुटतं. कागलजवळच्या या घरात मेंढरं दारापर्यंत असतात. बिरोबाला वाहिलेला काळतोंड्या एडका सगळ्यांत मानाचा, कळपातली झाडून सगळी कोकरं त्याचीच. सोप्यातला लाकडी खांब काय गुळगुळीत आहे! खाली मेंढ्यांच्या उंचीला आणि वर माझ्या पाठीच्या उंचीलाही. आईला शेवटच्या आजारात इथंच आणलं होतं. मी तेव्हा पाळण्यात होते.

१९ जुलै
मला दिवस गेलेत. मामींनी लगेच दृष्ट काढली. मामांनी गावभर पेढे वाटले. दोन मेंढ्या मात्र खांबाला अंग घासतात. लोकर गेली, मागचे पाय लटपटतात.

२ ऑगस्ट
जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, खरूज नाही, मेंदूचा आजार आहे, औषध नाही. सगळ्यांना होत नाही, ज्या वंशात खोट असते त्यालाच धरतो. दोन्हीकडून तेच रक्त आलं, तर कोकराचं काही खरं नसतं. एडका काढा, बाहेरचा आणा.
मामा भडकले. “देवाचा एडका हाय त्यो! बाहेरचं रगात आमी घेत न्हाय. सूनसुदीक भणीचीच पोर आणली की!”
सगळे हसले. मीही हसले.

११ सप्टेंबर
आईला काय झालं होतं, असं मामींना विचारलं. त्यांनी खांबाकडे पाहिलं आणि चुलीपाशी जाऊन बसल्या.

८ ऑक्टोबर
आबांकडे, वडिलांकडे जाते म्हटलं. मामा म्हणाले, तिथं बाईमाणूस कोण आहे? तुझं माहेर हेच, बाळंतपण इथंच. जेवताना ह्यांनी पाठ भिंतीला घासली. उकाडा असेल. उकाडाच असेल.

२६ ऑक्टोबर
चार मेंढ्या गेल्या. एडका धडधाकट दिसतो. हेही दिसतात.

१४ नोव्हेंबर
ह्यांच्या हातातून तांब्या पडला. दुसऱ्यांदा. मामींनी उचलला, पुसून ठेवला — त्यांना सवय आहे.
माझी आई ह्यांची आत्या. बाळाला दोन्हीकडून —

१ डिसेंबर
पळून जाईन. पण कुठं? माझ्यातच आहे ते. बाळाला कुठं ठेवू?

३ डिसेंबर
मामी ओरडताहेत, बाजूला हो म्हणून. मी खांबाशी कधी आले? वही हातात, पाठ थांबत नाही —
बाळ हलतंय. लाथ नाही ही. एकाच जागी, पुन्हा पुन्हा, आतून अंग घास