मरळीची नथ

दक्षिण सोलापूर,
रविवार

तीर्थस्वरूप प्रभुमामांच्या चरणी भाचा बसूचा नमस्कार.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण भांडणाच्या वेळी दुखत नाही. स्कॉटलंडच्या थंडीत तुमचा खोकला कसा आहे ते कळवावे. फोनवर बोलताना आई शेजारी बसते, म्हणून पत्र लिहितो. तुम्ही पाठवलेली गळाची काठी आणि पिसांच्या गळांची डबी पोचली, आणि हे पत्र त्या डबीबद्दलच आहे. मी फार संतापलेलो आहे, त्यामुळे सावकाश लिहीत आहे.

तुम्ही म्हणाला होता, की तिकडचे लोक ट्राउट आणि सॅमन पकडतात, मोजतात आणि परत पाण्यात सोडतात. मला हे पटले, कारण आपल्या घरात मासा ताटात तर सोडाच, बोलण्यातही चालत नाही. शिवाय आपली नदी आत्ता कुठे सावरते आहे. गावाचे सांडपाणी बंद झाले, आम्ही दोन उन्हाळे गाळ उपसला, तेव्हा डोहात मरळ परत आली. मी पकडून सोडू लागलो. त्यावर, डोहात जाळे टाकणारा तौसिफ रोज म्हणतो, "सोडतोस ते सोडतोस, नंबर तरी घेऊन ठेव की तिचा." हेही मी सहन केले.

मागच्या आठवड्यात तुमच्या सोनेरी गळाला (दोन पांढरे मणी, एक लाल, तोच) हातभर मरळ लागली. काठाशी आणून सोडवणार, इतक्यात दोरा तुटला आणि ती गळासकट गेली. आता मरळीला श्वास घ्यायला पाण्यावर यावेच लागते. दुसऱ्या दिवशी ती वर आली ती नेमकी धुणे धुणाऱ्या गोजाबाईसमोर. सोने, मोती, लाल खडा. गोजाबाईने हातातले लुगडे टाकून हात जोडले. दुपारपर्यंत गावभर झाले, की नदीची आई नथ घालून परत आली. (गळ ओठात आहे, नाकात नाही. पण हे ऐकायला कोणी तयार नाही.) व्हिडिओ फिरला आणि अक्कलकोटहूनही गाड्या यायला लागल्या.

मामा, आता डोहात काय पडत नाही ते विचारा. दहीभात, हिरव्या बांगड्या, खण, आणि हे सगळे ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून आणतात ती पिशवीसुद्धा. ज्या हातांनी गाळ काढला त्याच हातांनी. मी काठावर उभा राहून सरळ सांगितले, की गळ माझा आहे आणि पाण्यात घाण टाकू नका. गोजाबाई म्हणाली, "आईच्या नाकातलं मागतोस व्हय रं? तुजा हाय तर जा की, घे काढून." सगळे हसले. तौसिफ म्हणाला, "म्हटलं नव्हतं, नंबर घेऊन ठेव." आईने मला घरी नेऊन कपाळाला विभूती फासली आणि त्याच मरळीला माझ्या लग्नाचा नवस बोलली. मला काठी घेऊन तिथे जायला बंदी आहे. 'येथे मासे मारू नयेत' ही माझी पाटी (दहावीपर्यंतच शिकलो, तरी शुद्धलेखन तपासून रंगवलेली) दोन वर्षे कोणी वाचली नाही. आता तिच्या खांबावर नारळ फोडतात.

म्हणून मी ठरवले आहे. येत्या ग्रामसभेत उभा राहून खरे काय ते सांगणार. गळ तुम्हीच पाठवला, असे तुमच्या सहीचे पत्र ताबडतोब पाठवावे. मी माघार घेणार नाही.

आपला,
बसू

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी डोहावर जाऊन आलो. पाण्यात सुरुंग उडवून मासे मारणारा आणि माझ्या पाटीवर थुंकणारा तो धोंडप्पा चपला लांब काढून पिशव्या गोळा करत होता. मला म्हणाला, "आईला घाण चालत न्हाय." हे त्याला गोजाबाईने सांगितले. (तिला मी सांगितले होते. त्याची नोंद कोणी घेतलेली नाही.)

आणखी एक ता. क. सहीचे पत्र पाठवू नये. त्याऐवजी त्याच सोनेरी गळांची एक डबी पाठवावी, मणी तेच असावेत. वरच्या डोहात अजून सुरुंग उडतात, तिथे आई अजून आलेली नाही. दोरा नको. इथला कच्चा चालेल.