टेकडीच्या पोटात

४ मे १८६३, विक्सबर्ग

पोचले एकदाची! जॅक्सनहून येणारी गाडी इतकी खच्चून भरली होती की माझी नवी टोपी पार चपटी झाली. पण फलाटावर ॲम्ब्रोज दिसला आणि सगळा शीण पळाला. लग्नानंतर गणवेशात त्याला पहिल्यांदाच पाहत होते. मला बहिणीच्या हवाली करून तो लगेच आपल्या तुकडीकडे गेला.

ऑगस्टावन्संचं घर उंचावर आहे. खिडकीतून मिसिसिपीचं वळण दिसतं. जेवायला तळलेला मासा आणि मक्याची गरम भाकरी होती. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, "जॅक्सनला उपाशी ठेवत होते वाटतं?" स्वयंपाक डॉर्कसच्या हातचा. वन्संच्या गुलामांपैकी आता ती एकटीच उरली आहे. बाकीचे कुठे गेले विचारलं, तर वन्संनी पडदे कुठल्या कापडाचे आहेत ते सांगितलं.

१९ मे

यांकींनी, म्हणजे उत्तरेच्या फौजेनं, शहराला वेढा घातला. नदीतल्या गनबोटीही गोळे टाकताहेत. आम्ही परसामागच्या गुहेत राहायला आलो. इथे घरोघरी अशा गुहा आहेत, टेकडीच्या पिवळ्या मातीत खोदलेल्या. आमच्या गुहेत गालिचा आहे, दोन खुर्च्या आहेत, वन्संचा आरसासुद्धा आहे. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला गंमतच वाटली.

गुहेच्या शेजारी तशीच आणखी एक खोदायला घेतलेली दिसते, पण तिचं तोंड ढासळून बुजलं आहे.

२७ मे

डाव्या भिंतीतून खरवडल्यासारखा आवाज येतो. गोळाफेक थांबली की स्पष्ट ऐकू येतो. वन्संना विचारलं. उंदीर असतील म्हणाल्या. मला तर कुणी फावडं चालवतंय असं वाटतं. थोडं चालतं, थांबतं, पुन्हा चालतं. दमलेला माणूस खोदतो तसं.

शेजारच्यांनी गुहा वाढवायला घेतली असेल. पण त्या बाजूला शेजारी नाहीत.

२ जून

आज दुपारी डॉर्कसनं त्या भिंतीशी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा पेला ठेवला. मी कारण विचारलं. ती हळूच सांगू लागली. पहिली गुहा एप्रिलात खोदायला घेतली होती. तिचा नवरा एलायजा आणि भाऊ सायलस आत असताना छप्पर खाली आलं. आतून ठोकण्याचा आवाज येत होता. ती फावडं घेऊन धावली, पण वन्संनी ते काढून घेतलं. उकरलं तर सगळा उतार घसरेल आणि घराचा पाया जाईल, म्हणाल्या. उरलेल्या माणसांना शेजारी दुसरी गुहा खोदायला लावली. त्यांना खोदताना ठोकणं ऐकू येत होतं. गुहा पुरी झाली आणि ते सगळे पळून गेले.

"तू का नाही गेलीस?" मी विचारलं.

"माझी माणसं इथे आहेत, बाईसाहेब."

एप्रिलात. आता जून.

८ जून

वन्संना म्हटलं, दुसरीकडे जाऊ. चर्चच्या तळघरात जागा आहे. त्यांनी शिवणातून मानही वर केली नाही. "मेलेल्यांना भिऊन जिवंतांच्या तोफेपुढे जायचं असेल तर खुशाल जा, लुसिंडा."

गेले नाही. फाटकापाशी गोळा फुटला आणि मी परत आत पळाले.

१३ जून

डॉर्कस आता गुहेत पाऊल टाकत नाही. गोळे पडताहेत तरी घरातच राहते. आत ये म्हणून विनवलं. म्हणाली, "बाहेरचा गोळा माझं नाव घेऊन येत नाही, बाईसाहेब. आतले घेतात."

खायला वाटाण्याच्या पिठाची भाकरी. घशाखाली उतरत नाही.

१७ जून

आवाज जवळ आलाय. भिंतीची माती गालिच्यावर पडते. वन्संनी आरसा तिकडे सरकवून तिथली भेग झाकली. मग आपली खुर्ची उचलून भिंतीपासून लांब नेली. मी पाहिलं ते त्यांना कळलं.

२० जून

आरसा पालथा पडला. भेगेत बोटं — नाही, मुळं असतील. वन्सं म्हणतात मुळं. मुळांना नखं —

२१ जून

वन्सं पहिल्यांदाच भिंतीशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटल्या. क्षमा मागितली की हुकूम दिला, कळलं नाही. खोदणं थांबलं. मग जोरात सुरू झालं.

उद्या सकाळी मी निघणार. गोळे पडोत, काही होवो.

२२ जून

निघत होते. तोंडाशीच गोळा पडला. सगळी टेकडी खाली आली. वाट बंद. वन्सं दारात होत्या. त्यांचा फक्त बूट दिसतो. हाक मारली, ओ नाही.

मेणबत्ती आहे. लिहीत राहिले तर —

बाहेर डॉर्कसचा आवाज! मी ओरडले, खोद, डॉर्कस, मी जिवंत आहे. ती रडतेय. तिनं फावडं आणलंय. म्हणते, माती पुन्हा पुन्हा घसरते —

हवा कमी —

डावी भिंत फुटली. फावड्याचं टोक आत आलं. मागून हात, पिवळा, मातीनं माखलेला. दुसरा. त्या दोघांना बाहेर डॉर्कस ऐकू येतेय. तेही तिला हाक मारताहेत. त्यातला एक माझ्याकडे वळला. अगदी अदबीनं बोलला, बाईसाहेब, जरा सरका, तुम्ही आता आमच्या जागी —