गृहभेट महिन्यातून एकदा

२ मे, मंगळवार
दोन दिवसांचं ट्रेनिंग संपलं. विषय : व्यावसायिक अंतर. सर्टिफिकेट मिळालं. जेवण बरं होतं. ट्रेनर म्हणाले, प्रोबेशन ऑफिसरने क्लायंटचा मित्र होऊ नये, शत्रूही होऊ नये. मी मान डोलावली. मला हे आधीपासूनच येतं. बाकीचे लिहून घेत होते.

आजपासून ठरलं. क्लायंटच्या घरी चहा घ्यायचा नाही. गृहभेट महिन्यातून एकदा, नियमाप्रमाणे, वीस मिनिटं. शक्यतो उभ्यानेच.

बायको अजून तिच्या भावाकडे आहे. तिला थोडा चेंज हवा होता. मार्चपासून घेतेय.

५ मे, शुक्रवार
लिफ्टवाल्याकडे गृहभेट. माझ्याकडच्या केसेसमधला हा सगळ्यात सरळ माणूस. लिफ्ट दुरुस्त करतो. एका बिल्डिंगची लिफ्ट धोक्याची म्हणून ह्याने बंद केली. सेक्रेटरीने ह्याच्या माघारी ती चालू केली आणि एका म्हातारीला वर पाठवलं. ह्याने सेक्रेटरीला पाना फेकून मारला. कपाळाला टाके पडले. कोर्टाने तुरुंगात न धाडता वर्षभर माझ्या देखरेखीखाली ठेवलं. परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही, ही अट. परवानगी कोर्ट देतं, पण माझा अहवाल पाहून. म्हणजे मीच देतो.

बायको वारली आहे, मुलगी लग्न होऊन गेली. घरात तो आणि त्याची आई. आजींनी चहा आणला. नाही म्हटलं असतं तर म्हाताऱ्या माणसाचा अपमान. अपमानाने घरातलं वातावरण बिघडतं आणि वातावरण बिघडलं की माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळतो. म्हणून घेतला. दोन कप. बसून घेतला, कारण उभा राहिलेला ऑफिसर दमदाटी करतोय असं वाटतं.

९ मे, मंगळवार
लिफ्टवाला ऑफिसात हजेरीला आला. सोबत परवानगीचा अर्ज. मुलगी दुसऱ्या शहरात, पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेत. जावई जहाजावर. आई नाही, आजींना एकटीने प्रवास झेपत नाही, म्हणून ह्यालाच जायचंय. म्हणाला, साहेब, तेवढा अहवाल लवकर पाठवा. मी म्हणालो, माझ्यावर सोडा आणि निर्धास्त राहा.

अहवाल म्हणजे तासाभराचं काम. उद्या बसतो.

१० मे, बुधवार
बसलो. पण पेन उघडल्यावर वाटलं, घाई बरी नव्हे. बाळंतपण म्हणजे ताण. ताणात हा माणूस पाना उचलतो, हे सिद्ध झालेलं आहे. शिवाय ते शहर मोठं. तिथे बिल्डिंगा उंच, म्हणजे लिफ्ट जास्त, म्हणजे सेक्रेटरीही जास्त. ह्याचा कुणी विचार केलाय? एक जादा गृहभेट घेऊनच मत बनवावं.

१४ मे, रविवार
जादा गृहभेट. टीव्हीवर मॅच होती. हरताना क्लायंट कसा वागतो हे पाहायची संधी, म्हणून शेवटपर्यंत थांबलो. त्याची टीम हरली. तो म्हणाला, चालायचंच. मी मात्र रिमोट आपटला. त्याची प्रतिक्रिया तपासायला. त्याने सेल उचलून परत घातले.

आजींनी ताट वाढलं. गरम होतं. दोनदा मागून घेतलं. आजी आज मला अरे-तुरे करायला लागल्या. शिस्तीत बसत नाही, पण वयाकडे बघून कानाडोळा केला.

१६ मे, मंगळवार
अहवालात नाव आणि पत्ता लिहून झाला.

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम माझ्याच हुद्द्याच्या, केसेस माझ्या दुप्पट. म्हणाल्या, त्या लिफ्टवाल्याच्या पोरीचं बाळंतपण तोंडावर आलंय, अजून तुमचा कागद गेला नाही? मी म्हणालो, सखोल काम चालू आहे. म्हणाल्या, सखोल म्हणजे, विहीर खणताय का? अशा वृत्तीमुळेच आपलं खातं मागे आहे. ट्रेनिंगलाही त्या आल्या नव्हत्या. काम होतं म्हणे.

१८ मे, गुरुवार
माझ्या दाराची कडी नीट लागत नव्हती. गृहभेटीत सहज बोललो, तर लिफ्टवाला पिशवी घेऊन सोबतच निघाला. आल्या आल्या कडी बसवली. मग हात धुवायला आत गेला तो बाहेरच येईना. पाहतो तर सिंकमधली भांडी घासत होता. मी म्हणालो, अहो, राहू द्या. म्हणाला, झालंच, साहेब.

विचारलं, वहिनी कुठे? म्हणालो, गावाला. बेडरूममधलं कपाट उघडं होतं. तिचे कप्पे दिसत होते, त्यात काही नव्हतं. त्याने कपाटाचं दार लोटून घेतलं आणि पुढे काही विचारलं नाही. जाताना म्हणाला, साहेब, आता फार दिवस राहिले नाहीत, अहवालाचं तेवढं बघा. मी म्हणालो, उद्या नक्की.

निरीक्षण : क्लायंटमध्ये सेवाभाव आहे. तो टिकाऊ आहे की तात्पुरता, हे कळायला आणखी काही भेटी लागतील.

१९ मे, शुक्रवार
बायकोचा मेसेज. परत येणार नाही म्हणते. वकिलाशी बोलणं झालंय म्हणते. थोडक्यात, तिला अजून वेळ हवाय. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. जोडप्यांचं समुपदेशन करण्यात माझी उभी हयात गेली. असल्या मेसेजना मी दचकत नाही. काही वाटलंच नाही. दुपारी डबा उघडला नाही, पण ते ॲसिडिटीमुळे.

संध्याकाळी गृहभेट.

२२ मे, सोमवार
अहवाल जवळजवळ तयार. मनात. फक्त उतरवायचा आहे. ऑफिसचा प्रिंटर बिघडलाय असं ऐकलं. शहानिशा केली नाही, उगाच तंत्रज्ञावर दबाव नको.

लिफ्टवाल्याने आज विचारलं नाही. आजींनी विचारलं. म्हणाल्या, तुझ्या एका सहीसाठी पोर तिकडे एकटी बसलीय रे. मी त्यांना सगळी प्रोसेस समजावून सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली. मग ताट वाढलं, पण स्वतः समोर बसल्या नाहीत.

२४ मे, बुधवार
लिफ्टवाल्याची मुलगी बाळंत झाली. दिवसांआधीच. मुलगी झाली.

मला दारातच आजींनी सांगितलं. चहाचं विचारलं नाही. तो खुर्चीत बसला होता, पायात बूट, शेजारी भरलेली बॅग. म्हणाला, दोघी ठीक आहेत म्हणे. आदळआपट नाही, आवाज नाही, हातात पाना नाही. सुधारणेची इतकी ठळक खूण मी पाहिली नव्हती. मी त्याला तसं सांगितलंही. टीव्ही लावू का, असं मी विचारलं. नको म्हणाला.

वीस मिनिटांत निघालो. नियमाप्रमाणे.

२५ मे, गुरुवार
अहवाल लिहिला. पाऊण तास लागला. प्रिंटर चालू होता. कोर्टात पाठवणार, एवढ्यात कोर्टाचंच बोलावणं आलं. लिफ्टवाल्याने मोफत कायदेमदतीच्या वकीलबाईंना गाठून थेट अर्ज केलाय. देखरेखच संपवा म्हणतो. मॅडम म्हणाल्या, छान झालं. मी दुखावलो नाही. क्लायंटने स्वतःच्या पायावर उभं राहावं, हेच तर आपण शिकवतो.

३० मे, मंगळवार
कोर्ट. मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, ह्या महिन्यात गृहभेटी किती? मी ताठ मानेने म्हणालो, शेवटी शेवटी तर रोज. बाईंनी चष्मा काढला. नियमाने किती? म्हणालो, एक. आणि अहवाल? म्हणालो, तयार आहे. दिला. त्यांनी तिथल्या तिथे वाचून संपवला. म्हणाल्या, हा माणूस चांगला आहे, ह्याला जाऊ द्यावं, एवढंच लिहायला तुम्हाला पंधरा दिवस लागले? मी सखोल हा शब्द वापरणार होतो. मागच्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. वापरला नाही.

मग मॅजिस्ट्रेटबाईंनी लिफ्टवाल्याला विचारलं, ह्या ऑफिसरचा तुम्हाला काही त्रास झाला का? माझी नोकरी त्या वेळी त्याच्या तोंडात होती. तो म्हणाला, त्रास असा नाही, मॅडम. साहेब येतात, बसतात, जेवतात, जातात. त्यांच्या घरी कुणी नाही. पण मला माझ्या नातीला बघायचंय.

वकीलबाई फाईल चाळायला लागल्या. क्लार्कने मान खाली घातली. घरी कुणी नाही हे रेकॉर्डवर घेतलं गेलं नाही, ते एक बरं झालं.

देखरेख आजपासून संपली. माझ्या अहवालाशी सुसंगतच निकाल आहे. एका अर्थी यश. अभिनंदन करायला बाहेर धावलो तर तो जिन्यावर, दोन-दोन पायऱ्या गाळत उतरत होता. कोर्टाची लिफ्ट बंद होती. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

३१ मे, बुधवार
मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, थोडे दिवस रजा घ्या. माझ्या केसेस मॅडमकडे दिल्या. तात्पुरत्या. मीही विश्रांतीचा विचार करतच होतो. व्यायाम, वाचन, घर आवरणं, असं सगळं ठरवलं आहे.

३ जून, शनिवार
व्यायाम सोमवारपासून.

आजींकडे जाऊन आलो. कामासाठी नाही, तिकडून चाललो होतो. कुलूप होतं. शेजारचे म्हणाले, दोघंही मुलीकडे गेली. तुम्ही कोण? मी ओळखपत्र काढणार होतो. मग म्हणालो, ओळखीचा.

६ जून, मंगळवार
केस बंद झाली तरी क्लायंट नव्या जागी रुळला का, हे पाहणं चांगल्या ऑफिसरचं काम. अकरा वाजता लिफ्टवाल्याला फोन लावला. त्याच्या मुलीने उचलला. म्हणाली, बाबा बाळाला न्हाऊ घालतायत, कोण बोलतंय? मी हुद्दा सांगितला. मागे बाळ रडत होतं आणि तो त्याच्याशी काहीतरी बोलत होता. शब्द कळले नाहीत, पण असं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

काय काम होतं, असं तिने विचारलं. मी म्हणालो, काही नाही, रूटीन चौकशी. ती म्हणाली, त्या रात्री दवाखान्यात मी एकटीच होते. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. घरचं कोण आहे, सही कोण करणार, असं नर्स सारखी विचारत होती. मी बाबा येतायत, बाबा येतायत म्हणत राहिले. शेवटी माझी मीच केली.

मी म्हणालो, बरं.

ती म्हणाली, बाबा तुम्हाला चांगलं म्हणतात. पुन्हा फोन करू नका.

बरं म्हणालो. फोन ठेवला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. तिथेच बसून राहिलो. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. आज दुसरं कुठे जायचं नाहीये.