काय वाटले हा रकाना

१ मार्च १९८९, सकाळ
आजपासून रोजनिशी. दोन महिने उशीर झाला, पण त्यात माझा दोष नाही. डायरी जावई अभिमनराव बँकेतून आणणार होते, ती फेब्रुवारीत हाती आली.

रकाने आखले: पाहिले, वाचले, काय वाटले. तिन्ही सारख्या रुंदीचे. टीव्हीवर जे पाहीन आणि वाचनालयातून आणून जे वाचीन, त्यावर रोज निष्पक्ष अभिप्राय. वर्षअखेर यातून एक समीक्षाग्रंथ सहज निघेल. प्रस्तावनेचे पहिले वाक्य मनात तयार आहे. दुसऱ्याची घाई नाही.

कारण असे. परवा बेबाबाई साक्रीहून आली होती. माझी एकुलती एक लेक, पण बोलणे हेडमास्तरासारखे. ती आली तेव्हा मी टीव्हीसमोर बसलो होतो आणि टीव्ही बंद होता. एवढ्यावरून तिने निष्कर्ष काढला. म्हणाली, नाना, आई गेल्यापासून तुम्ही कोणाशी धड बोलत नाही. रडलाही नाहीत. आखाजीला मी आईच्या नावाची घागर भरायला येईन, तेव्हाही असेच दिसलात तर घराला कुलूप लावून साक्रीला नेईन. मी म्हणालो, मी नुसता बसत नाही, अभ्यास करतो. ती म्हणाली, बंद टीव्हीचा? वाद वाढवला नाही.

संकल्प: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला ओटा माणसांनी भरलेला दिसला पाहिजे. धुळे सोडणे नाही.

३ मार्च
वाचले: एक जाड कादंबरी. नाव लिहीत नाही, लेखकाला उगाच उत्तेजन नको. चाळीस पानांत तीन मृत्यू.
काय वाटले: काही नाही. हे उत्तम लक्षण आहे. समीक्षकाला काही वाटू लागले की निकाल पातळ होतो.
ग्रंथपाल शालिग्राम म्हणाला, सर, हे पुस्तक तुम्ही जानेवारीतही नेले होते. मी म्हणालो, पुनर्वाचन.

४ मार्च, संध्याकाळ
वाचले: आमच्या वेळचे चौथीचे पुस्तक. पाने तांबूस झाली आहेत, पण त्या पानांना जो वास आहे तो आताच्या पुस्तकांना येणे नाही. पाणपोईची कविता काढली. कवीचे नाव उंदराने खाल्ले आहे.

पाणपोईशी बसली आई,
वाटसरूंना पुसते काही:
पाणी घ्या हो, सांगा मजला,
दिसला का हो बाळ कुणाला?

सारी नोकरी ही कविता शिकवली. एकदा वर्गात एक मुलगा रडलाही होता. नंतर कळले, त्याची पाटी फुटली होती. तरी परिणाम नाकारता येत नाही.

घरीही रोज दिवेलागणीला म्हणत असे. पत्नी द्रौपदा दादर ज्वारी निवडत बसलेली असायची. म्हणायची, हं. मग म्हणायची, पाय उचला, केर काढायचाय. काव्याचा कान नव्हता बिचारीला.
काय वाटले: काही नाही.

८ मार्च, बुधवार
पाहिले: काल मंगळवारची हिंदी सिरीयल. श्रीमंताघरची सून, तिला घरातून काढून दिले आहे. मध्ये डोळा लागला, तोही तटस्थपणे.
काय वाटले: काही नाही.

मंगळवारी समोरच्या रांगेची लाइट हटकून जाते. आमची रांग पाण्याच्या टाकीच्या लाइनवर, म्हणून आमची टिकते. त्यामुळे दर बुधवारी सकाळी समोरच्या बायका आमच्या ओट्यावर यायच्या आणि द्रौपदा त्यांना कालचा भाग सांगायची. शेंगा फोडत फोडत, चांगली तासभर. आत मला पेपर वाचणे अशक्य व्हायचे. डिसेंबरात ती गेली आणि ते बंद झाले. पेपर आता निवांत वाचता येतो. वाचत नाही, पण येतो.

आज केसरबाई आणि ताईबाई आपण होऊन आल्या. केसरबाई द्रौपदाच्या जोडीच्या. ताईबाई गल्लीत सर्वांत वडील. ओट्याच्या कडेला टेकल्या. केसरबाई म्हणाल्या, नाना, काल काय व्हयनं?

संधी चालून आली. मी प्रथम मालिका या प्रकाराची पार्श्वभूमी सांगितली. तिथून कादंबरीच्या उगमाकडे वळलो. उगमापाशीच केसरबाईंना चुलीवरचे दूध आठवले. मग ताईबाईंनाही. ताईबाईंकडे दूध संध्याकाळी येते, पण वयोमानाने गोंधळल्या असतील. एकंदर सुरुवात उत्साहवर्धक.

१५ मार्च
पाहिले: तीच सिरीयल. सून दिल्लीला गेली, एका ऑफिसात टायपिंग शिकते.

आज पार्श्वभूमी गाळली, थेट कथानकाला हात घातला. ताईबाई म्हणाल्या, दिल्ली? ती त् लळिंगना पाणपोईवर बठेल शे ना. मी विचारले, कोण? म्हणाल्या, सून. आग्रा रोडवर. ट्रकवाल्यांना पाणी पाजते आणि आपल्या पोराचा पत्ता विचारते.

मी सौम्यपणे सांगितले की या सिरीयलमध्ये लळिंग नाही. आग्रा रोड नाही. पाणपोई तर मुळीच नाही. केसरबाई म्हणाल्या, मंग तो पोऱ्या? मी म्हणालो, तिला मूलच नाही. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. शेवटी ताईबाई म्हणाल्या, नाना, तुमना टीव्ही बिघडेल दिखस.

१६ मार्च
उलगडा झाला. द्रौपदाला हिंदी येत नव्हते. बाजारात भावापुरते यायचे, पण पडद्यावरचे ते भराभर बोलणे तिला कुठून कळणार? चित्र पाहून मनाने जुळवायची आणि बुधवारी बिनदिक्कत सांगायची. एका निवृत्त शिक्षकाच्या ओट्यावरून पाच महिने संबंध गल्लीला चुकीची माहिती पुरवली गेली. मी आत पेपर धरून बसलो होतो.
काय वाटले: शिक्षक म्हणून जबाबदारी वाटली. हे भावना या सदरात धरू नये.

२९ मार्च
शुद्धिपत्र तयार करून वाचून दाखवले. पाणपोईच्या जागी ऑफिस वाचावे. ट्रकवाल्याच्या जागी मॅनेजर वाचावे. मुलाच्या जागी काही वाचू नये. ताईबाई शेवटपर्यंत बसल्या होत्या. नंतर लक्षात आले, झोपल्या होत्या. केसरबाई जाताना म्हणाल्या, तुम्हीं खरं सांगतस, नाना, पण ते गोड नही लागत.

५ एप्रिल
ओट्यावर कोणी नाही. परीक्षांचे दिवस आहेत, त्यामुळे असेल. त्या दोघींच्या घरी परीक्षेला कोणी बसलेले नाही, पण वातावरणाचा परिणाम होतो.

जाड कादंबरी चाळीसाव्या पानावरच आहे. लेखक पुढे सरकत नाही. शालिग्राम म्हणाला, सर, दुसरी देऊ का? मी म्हणालो, हिचा निकाल लागू दे.

सुधारणा: काय वाटले हा रकाना निष्कारण रुंद आखला गेला. रोज कोरा राहतो, कागद वाया जातो. फूटपट्टीने निम्मा केला. उरलेली जागा वाचले या रकान्याला दिली.

१२ एप्रिल
सकाळी नळावर केसरबाई भेटल्या. शास्त्रीय कुतूहल म्हणून विचारले, ती पाणपोईची गोष्ट नक्की काय होती? त्यांनी हंडा खाली ठेवला आणि तिथेच सांगू लागल्या. नळावरची रांग थांबली, कोणी तक्रार केली नाही. सून रांजणाला ओले फडके गुंडाळते. येणाऱ्याला आधी पाणी देते, मग विचारते, दादा, वाटेत मना बाळ दिसना का? कोणी पाणी पिऊन न बोलता जातो, त्यालाही ती म्हणते, सावकाश जा.

घरी आलो. चौथीचे पुस्तक काढून ओळी ताडून पाहिल्या. संशयाला जागा नाही. सबंध प्रसंग माझ्या वाचनातून उचललेला आहे. ऋणनिर्देश नाही. कधी विचारलेही नाही. इतकी वर्षे नुसते हं म्हणत होती.

दुपारी जेवण राहिले. ऊन फार होते.
काय वाटले: काही नाही.

३ मे, बुधवार
आखाजी पाच दिवसांवर आली आणि ओटा रिकामा. आता डावपेच बदलणे भाग. दिल्ली सोडून दिली. द्रौपदाची गोष्ट जिथे थांबली असेल तिथून मीच पुढे रचणार. विषय मूळ माझाच आहे, आणि भाषा तर माझी तिच्याहून किती तरी चांगली.

निरोप पाठवला, दोघी आल्या. बेत असा की आज रंगात आणून थांबायचे, म्हणजे आखाजीला उरलेले ऐकायला अख्खी गल्ली लोटेल. वाचून दाखवले: अश्रुपूर्ण नयनांनी क्षितिजाकडे अवलोकन करीत ती अबला रांजणापाशी उभी होती. तिथे ताईबाईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा. म्हणाल्या, द्रौपदाबाईनी सून इतली रडे नही. तिला रडायला वेळच कुठे, पाणी कोण भरणार?

पुढचा कागद घडी घालून ठेवला. दोघींनी शेंगा आणल्या होत्या, त्या माझ्यासमोर ठेवून गेल्या. फोडल्या नाहीत.

८ मे, आखाजी
बेबाबाई काल आली. आज ओटा भरलेला होता, हे येथे ठळक नोंदवतो. निंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या, आणि आमच्याकडे दहाबारा बायका. संकल्प पूर्ण.

घागर भरली. वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंबे. द्रौपदाच्या नावाने केसरबाईंना जेवायला बसवले. आपल्याकडे त्या दिवशी जी पाटावर बसते तिला गेलेले माणूसच समजतात. तिच्या पाया पडायचे आणि म्हणायचे, पोटभर जेव. बेबाबाईने मला सकाळपासून दोनदा पढवले होते. एवढेच एक वाक्य.

मी पाटासमोर बसलो. केसरबाईंनी डोक्यावरून पदर घेतला होता, मान खाली. मी वाकलो, हात जोडले, आणि तोंडातून निघाले, मग पुढे काय झाले?

 केसरबाईंचा घास हातात राहिला. त्यांनी ताईबाईंकडे पाहिले. ताईबाईंनी मानेने सांग म्हटले. मग त्या खाली बघूनच म्हणाल्या, पोऱ्या भेटी गया, नाना. आन् ती घर उनी.

मी विचारले, हे कधी ठरले? ताईबाई म्हणाल्या, तिनं दवाखानामाच सांगी टाकं व्हतं. आम्ही डबा घेऊन गेलो होतो तेव्हा. आपल्याला वेळ नाही म्हणाली, म्हणून एकदमच शेवट सांगितला. मी तेव्हा कुठे होतो? तर खाली, औषधाच्या दुकानापुढे रांगेत.

म्हणजे शेवट यांना ठाऊक होता. मी म्हणालो, मग तुम्ही दर बुधवारी मला काय व्हयनं म्हणून का विचारत होता? ताईबाई म्हणाल्या, तुम्हीं बोला पाहिजे म्हनीसन. बेबाबाईनीच सांगेल व्हतं.

बेबाबाई आमरसाची पळी घेऊन दारात उभी होती.  मी राहिलेले वाक्य म्हटले, पोटभर जेव. केसरबाई जेवल्या. सांजोरी मागून घेतली. द्रौपदाही तिसरी सांजोरी मागून घ्यायची.
काय वाटले: काही नाही. आमरस जास्त झाला.

१० मे
पूर्ण विचारान्ती हवापालटासाठी काही दिवस साक्रीला जाण्याचा निर्णय घेतला. निर्णय सर्वस्वी माझा. बेबाबाईने बॅग कालच भरली होती, हा योगायोग. कुलूप तिने लावले, किल्ली केसरबाईंकडे दिली. शालिग्रामला जाड कादंबरी परत केली. त्याने विचारले, कशी वाटली? मी म्हणालो, चाळीसाव्या पानापर्यंत सुसूत्र आहे.

मी एसटीत बसताना केसरबाईंनी विचारले, नाना, मंगळवारनी सिरीयल आते कोण दखी? मी म्हणालो, तिकडे टीव्ही आहे, पाहून कळवीन.

२४ मे, बुधवार, साक्री
पाहिले: काल मंगळवारची सिरीयल. इथे चित्र पोचत नाही. अभिमनरावांनी अँटेना चहूबाजूंनी फिरवला. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. पूर्ण वेळ पाहिली.

सकाळी बेबाबाईच्या सासूबाई, पार्वताबाई, ओसरीवर डाळ निवडत होत्या. मला म्हणाल्या, व्याही, काल ती सिरीयल दिखनी नही. तुम्हीं त् शिकेल माणूस, सांगा काय व्हयनं.

मी सांगितले. पार्श्वभूमी नाही, अवलोकन नाही. सून लळिंगच्या पाणपोईवर बसते. रांजणाला ओले फडके गुंडाळते. ट्रकवाल्यांना विचारते. पोऱ्या भेटतो. ती घरी येते. एवढ्यात संपले, तासभर कसे पुरत असे कळत नाही.

पार्वताबाईंनी डाळीतला खडा काढून बाजूला टाकला. म्हणाल्या, घरी आल्यावर तिने पोराला आधी काय करून घातले?

हे मला माहीत नव्हते. मी म्हणालो, थांबा, हिला विचारून सांगतो. उठलो, आत गेलो, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. आत बेबाबाई भाकरी थापत होती. तिने वळून विचारले, काय पाहिजे, नाना? मी दाराला धरून उभा राहिलो. म्हणालो, काही नाही.

वाचले: नाही.
काय वाटले: रकाना अरुंद पडला.