हेडफोन माझा, रेडिओ वहिनीचा

अड्याळ, ता. पवनी
फाल्गुन, १९८२

चिरंजीव इश्वर यास,

सोमाजीकाकाचा आशीर्वाद. काकीचाही. (ती समोर सूप घेऊन बसली आहे. तुझं नाव काढलं तेव्हा सूप जरा थांबलं, तेवढ्यात आशीर्वाद समजून घे.) तिकडची थंडी आता उतरली असेल, तरी कान झाकत जा. जर्मन लोक रोज उकडलेला बटाटा खातात हे तू लिहिलंस, ते वाचून काकीला त्या लोकांचं फार वाईट वाटलं. इकडे सर्व ठीक. धान बरं झालं, लाखोळीची डाळ घरी आली, मोह फुलला आहे आणि दुपारी गावभर असा गोड वास सुटतो की माणूस बोलता बोलता मधेच गप्प होतो आणि काय बोलत होतो ते विसरतो. मीही या पत्राला तीनदा बसलो आणि तीनदा खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. पण उशिराचं खरं कारण तू पाठवलेला हेडफोन. तो मिळाला. नागपूरच्या तुझ्या त्या सोबत्याने जपून आणला. मिळाला हे एका ओळीत लिहून होतं, पण तो ऐकायला लागण्यापर्यंत जे झालं ते एका ओळीचं नाही.

डबा उघडला तेव्हा काकीने पहिली चूक काढली. दोन्ही वाट्यांच्या मागून नुसती जाळी, आरपार उजेड दिसतो. ती म्हणाली, "याले झाकन लावाचं रायलं वाट्टे." मी तिला तुझी चिठ्ठी वाचून दाखवली, की हा मुद्दाम मागून उघडा ठेवलेला असतो, त्यामुळे आवाज डोक्यात कोंडत नाही, मोकळ्या रानात बसून ऐकल्यासारखा वाटतो. ती म्हणाली, मग रानातच जाऊन बसायचं, एवढा खटाटोप कशाला. (तुझी काकी बपेऱ्याची. तिकडच्या माणसांशी वादात कोणी जिंकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.) पुढे तू लिहिलं होतंस की याचा रोध सहाशे ओहम आहे आणि त्याला जोडीचा अँप्लिफायर लागेल. मी मोठ्याने वाचलं, काकीने ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या जनाबाईला सांगितलं की इश्वरनं काकासाठी असं यंत्र पाठवलं ज्याच्यात सहाशे वेळा ॐ म्हटल्याशिवाय आवाज येत नाही. जनाबाई दर्शनाला येऊन गेली. कुंकू लावायचं होतं तिला, मी हात धरला.

आधी मी तो आपल्या टेपरेकॉर्डरला लावला. त्याचं भोक बारीक, तुझी पिन जाड, म्हणून भोंगेवाल्या नत्थूकडून मधला जोड करून आणला. (नत्थूला तू ओळखतोस, लग्नात आणि दंडारीच्या नाटकात भोंगे लावतो तोच.) बासरीची कॅसेट टाकली, बटण पार शेवटापर्यंत फिरवलं, तरी बासरीवाला जसा काही बोडीच्या, आपल्या तळ्याच्या, पलीकडच्या पाळीवर बसला होता आणि वारा आमच्याकडून तिकडे वाहत होता. मी डोळे मिटून फार वेळ त्याच्या मागे गेलो. तेवढ्यात काकीने सूप आपटलं आणि बासरी संपली. मला तुझं म्हणणं तेव्हा उमगलं. बारीक नळीतून पाणी वर चढवायचं तर टाकी उंच पाहिजे, नुसतं पाणी पुष्कळ असून भागत नाही. टेपरेकॉर्डरची टाकी जमिनीलाच टेकलेली.

मग नत्थूचा अँप्लिफायर. त्याने गावातली सगळी लग्नं लावली आहेत असं तो म्हणतो, भटजींचं नाव घेत नाही. बाजाराच्या दिवशी मी हेडफोन आणि टेपरेकॉर्डर घेऊन त्याच्या दुकानात गेलो. त्या दिवशी त्याचा भोंगा छपरावर बांधलेला होता, दंडारीची जाहिरात सांगायला. नत्थूने मागच्या बाजूला तारा खुपसल्या आणि मी हेडफोन चढवला. बासरी आता जवळ आली खरी, पण तिच्यासोबत अशी घरघर आली की जणू बासरीवाला धानगिरणीत बसून वाजवून राहिला आहे. मी नत्थूला विचारलं, ही घरघर कशाची? तो म्हणाला, "तेच तं मशीन चालू असल्याची निशानी हाय." भोंग्यातून ती कोणाला ऐकू जात नाही, वऱ्हाडाला तर नाहीच. पण हा हेडफोन सगळं ऐकवतो. मग नत्थूच म्हणाला की याला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिजे, ज्याच्या मागे ग्रामोफोन जोडायची भोकं असतात, जादा स्पीकरची असतात. असा कोणाकडे आहे का?

आता इथे, इश्वर, जरा सावकाश वाच. असा रेडिओ गावात एकच. तुझ्या बाबांनी, म्हणजे माझ्या दादाने, हौसेने आणलेला, आणि आता तुझ्या आईच्या ओसरीवर भरतकामाच्या कापडाखाली ठेवलेला. आपल्या दोन घरांमध्ये शेतांच्या मधल्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडावरून काय झालं ते तुला ठाऊकच आहे. फुलं कोणी वेचायची यावरून बोलणं बंद झालं. पुढे वादळात ते झाड पडलं, भांडण मात्र उभंच राहिलं. दादा गेला तेव्हा मी खांदा दिला, पण वहिनीच्या ओसरीवर चढलो नाही. तिने म्हटलं नाही, मी विचारलं नाही. तू मागच्या खेपेला आलास तेव्हा काकाला एसटीच्या थांब्यावर भेटून गेलास, ते मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही, नुसतं आठवलं म्हणून लिहितो.

तर कानावर हेडफोन, कानात बासरी आणि धानगिरणी, समोरून मोहाचा वास, आणि नत्थूने विचारलेला प्रश्न. मी डोळे मिटूनच उत्तर दिलं. म्हटलं, "असा रेडिओ माह्या वहिनीच्या घरी हाय. पन तिले मांगू कसा? तिच्या हातच्या भाकरीवर मी लहानाचा मोठा झालो. झाड पडलं, आता भांडाले काई रायलंच नाही, पन पयले बोलाव कोनं? मी तं तिच्या दारावून जाताना आजबी धीमे चालतो, हाक मारन म्हनून."

बोलताना मला माझाच आवाज फार लांबून, वरून, आभाळातून आल्यासारखा ऐकू येत होता. मला वाटलं, इश्वरने लिहिलेली मोकळ्या रानातली खोली म्हणतात ती हीच. काय सुंदर वस्तू बनवतात हे लोक, असंही मनात आलं. डोळे उघडले तेव्हा नत्थू पांढरा पडला होता. समोर जाहिरातीचा माईक उघडा होता. त्याने घाईत बटण फिरवलं ते उलट्या बाजूला, त्यामुळे माझा शेवटचा सुस्कारा पार शाळेपर्यंत गेला. मिरचीवाल्याच्या हातातला तराजू तसाच अधांतरी. मग एक म्हातारी टोपलीमागून म्हणाली, "मंग जा ना बाबा." मी हेडफोन धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि मागच्या गल्लीने घरी आलो. काकीने दार उघडलं. तिनेही ऐकलं होतं. (भोंगा नेमका आपल्या वस्तीकडे तोंड करून बांधलेला.) त्या रात्री वरण अळणी होतं, मी निमूट जेवलो.

दुसऱ्या दिवशी तुझ्या आईच्या शेतावरचा गडी मंगरू आला. दारात उभं राहून, डोक्याचं फडकं न काढता, पाठ केल्यासारखं म्हणाला, "बाईनं पुसलं हाय. बाजाराले सांगतलं, मले कायले नाही सांगतलं?"

मी गेलो. धीमे नाही, भरभर गेलो, नाहीतर मधेच परत फिरलो असतो. वहिनी लाखोळी पाखडत बसली होती. केस सगळे पांढरे झाले आहेत तिचे, रस्त्यावरून एवढे दिसले नव्हते. ती म्हणाली, "बसा भाऊजी." आणि मी बसलो. एवढंच. मी मनात घोळवलेली वाक्यं मोहाच्या फुलांसारखी जिथल्या तिथे गळून गेली. थोड्या वेळाने तिने रेडिओवरचं कापड काढलं आणि सांगितलं, "हा घराबायेर जानार नाही. तुमच्या दादाचा हाय. ज्याले आयकाचं असन त्यानं इथं येऊन आयकाव."

नत्थूने येऊन मागचं फळकुट उघडलं. आत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, ते वहिनीने काडीने अलगद काढलं, कोणी राहत नाही ना ते आधी पाहून. माझ्या टेपरेकॉर्डरच्या आणि हेडफोनच्या तारा जोडल्या. बटण दाबल्यावर काही झालं नाही. मग आतल्या काचांमध्ये हळूहळू केशरी उजेड आला, पणती धरते तसा, आणि मी हेडफोन चढवला.

इश्वर, कसं सांगू. घरघर नाही. ताण नाही. बासरीवाला बोडीच्या अलीकडच्या काठावर आला होता आणि शेजारी बसला होता. त्याने श्वास घेतला तो ऐकू आला. मग मला वाटलं की श्वास नव्हे, वारा आहे, बाहेर कडुनिंबातून चाललेला, कारण त्या जाळीतून बाहेरचंही सगळं आत येत होतं आणि कॅसेटमधल्या आवाजांत आपापली जागा धरून बसत होतं. पाणकोंबडी ओरडली ती बरोबर सुरावर. लांब कोणाची तरी बैलगाडी चालली होती, तिचं चाक ठेका देऊन राहिलं होतं. पंचेचाळीस वर्षं मी या गावात राहून राहिलो, पण गाव एवढं हळू बोलतं हे मला माहीत नव्हतं. मागे एक तानपुरा होता, खालच्या पट्टीत, अखंड. बासरी थांबली, कॅसेटची बाजू संपली, तरी तो तानपुरा सुरूच. मी हेडफोन काढला. वहिनी होती. सूप हलवत, डोळे मिटून, ओठ बंद करून गुणगुणत होती. हेडफोनच्या जाळीतून जेवढं बाहेर सांडत होतं तेवढ्यावर तिने सूर धरला होता. झाकण लावलेला हेडफोन असता तर मी एकटाच ऐकत बसलो असतो आणि तिने नुसती डाळ पाखडली असती.

मग मी रोज दुपारी जाऊ लागलो. काकीने काही दिवस पाहिलं. तुझी काकी भांडण माझ्यापेक्षा इमानाने पाळते; मी आपला धीमे चालणारा माणूस, ती दुसऱ्या गल्लीने जाणारी. एक दिवस ती मला जेवायला बोलवायच्या निमित्ताने आली आणि दाराबाहेरच उभी राहिली. वहिनीने माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला, बाहेर गेली आणि काकीच्या डोक्यावर ठेवला. तार लांब आहे ती फार बरी गोष्ट, पण दारापर्यंत जेमतेम पुरली. काकीला दोन पावलं आत यावं लागलं. मग बसावं लागलं. मग अंबाडा आडवा येत होता म्हणून तो सोडावा लागला. बासरी सुरू होती, मोहाचा वास सुटला होता, रेडिओ आपला ऊबदार, आणि बघता बघता तुझी काकी भिंतीला टेकून झोपली. हेडफोन डोक्यावर, तोंड थोडं उघडं. वहिनीने आतून उशी आणून तिच्या मानेखाली सारली. मी उठायला लागलो तर मला डोळ्यांनीच बसवलं. उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो, वहिनी सूप न वाजवता शेंगा सोलत होती. जागी झाल्यावर काकी ताडकन उठली, पदर सावरला, अंबाडा बांधला आणि म्हणाली, "सोलाच्या अजून लय हायेत. उद्या मीबी येतो जाऊबाई." वहिनी म्हणाली, "ये."

तेव्हापासून हेडफोन त्या दोघींकडे आहे. एक वाटी एकीच्या कानाला, दुसरी दुसरीच्या, डोकी टेकवून बसतात आणि वाकवून वाकवून त्याची कमान सैल करून टाकली आहे. मी पायरीवर बसतो आणि जाळीतून जे सांडेल ते ऐकतो. तक्रार नाही.

काम जपून कर. पत्राची वाट पाहतो, घाई नाही, इथे आता दुपारी फार लांब झाल्या आहेत.

तुझा,
सोमाजीकाका

ता. क. पत्र दोघींना वाचून दाखवलं. काकी म्हणते ती झोपली नव्हती, डोळे मिटून ऐकत होती, तसं लिहा. लिहिलं.

ता. क. दुसरा हेडफोन पाठवता आला तर पाहावं, हे लिहायला हे पत्र घेतलं होतं. पण लिहिता लिहिता एक शंका आली. तू शिकलेला माणूस, हा हेडफोन कशावर चालतो नि कशावर नाही हे तुला ठाऊक. अड्याळमध्ये त्याच्या जोडीचं यंत्र एकच आणि ते कोणाच्या ओसरीवर आहे, हेही तुला ठाऊक. तरी पाठवलास, आणि तोही माझ्या नावाने. मी हे वहिनीला विचारलं. तिने हातातली शेंग सोलून संपवली, मग म्हणाली, लिवा त्याले, दुसरा पाठवू नको म्हनाव. घेऊन ये.