थंडी लागलीय

तिलेकदादा,

आई गावात तुझ्याजवळ आजारी होती आणि मी इथे नारीन शहरात पोटुशी. फोन केला की तू म्हणायचास, "अगं, थंडी लागलीय तिला. गार दगडावर बसली असेल." आपल्याकडे पोट दुखो, कंबर दुखो, मूल न होवो, सगळ्याला थंडीच लागलेली असते! ‘वाईट आजार’ हे शब्द तेवढे दाराआड कुजबुजायचे. आईलाही तू थंडीच सांगितलीस. ती बिचारी लोकरीचे मोजे चढवून, चुलीला पाठ लावून बरं व्हायची वाट बघत बसली.

ती गेली, तरी मातीला मला बोलावलं नाहीस. "तू दोन जिवांची, तुला सोसलं नसतं." दोन जीव होते ना? मग एकालाही विचारावंसं वाटलं नाही तुला? बाळंत झाल्यावर सांगितलंस, तेव्हा तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचा रस्सासुद्धा लोक पिऊन गेले होते.

आणि परवा तुला तपासल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "वाईट आजार आहे. भावाला सांगू नका, खचेल." आत वहिनी तुला पांघरूण घालत म्हणत होती, "काही नाही हो, थंडी लागलीय." आणि तू मान डोलावलीस! अरे, तुझेच शब्द तुला ओळखू आले नाहीत?

मघाशी फोनवर विचारलंस, "सइकल, खरं सांग, मला काय झालंय?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "लोकरीचे मोजे घाल, दादा."

हे पत्र पाठवायची हिंमत नसलेली,
तुझी सइकल